उणें आठ फूट

उतरत असतां विमान जमिनीपासून किती उंच आहे, हें वैमानिकास दोन प्रकारें कळतें. एक यंत्र हवेच्या दाबावरून समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतें. दुसरें रेडिओ-उंचीमापक, तें विमानाच्या पोटाखालून लहरी सोडून, त्या जमिनीवर आदळून परतण्यास लागलेल्या वेळावरून अंतर ठरवितें. बोइंग ७३७-८०० जातीच्या विमानांत अशीं दोन उंचीमापकें असतात, डावें व उजवें. एक बिघडलें तरी दुसरें आहेच, असें कोणासही वाटेल. २५ फेब्रुवारी २००९ रोजीं ॲम्स्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळाजवळ या समजुतीस तडा गेला.

तुर्की एअरलाइन्सचें तें विमान इस्तंबूलहून १३५ माणसें घेऊन आलें होतें. कक्षांत तिघे होते : कप्तान, त्याच्या हाताखालीं शिकणारा सहवैमानिक आणि देखरेखीसाठीं तिसरा. विमान सुमारें १,९५० फुटांवर असतां डाव्या उंचीमापकानें उणें ८ फूट असा आंकडा दाखविला. उजवें बिनचूक होतें, व विमानाची दिशा आणि उतार सांभाळणारा स्वयंचालक त्याच्याशीं जोडलेला होता. परंतु इंजिनांचा जोर कमीजास्त करणारें स्वयंचलित यंत्र डाव्याचें ऐके. जमीन २७ फुटांच्या आंत आली कीं इंजिनें मंद करावयाचीं, ही त्या यंत्राची ठरलेली रीत. उणें आठ म्हणजे विमान टेकलेंच! त्यानें इंजिनें मंद केलीं.

हें कोणाच्याच लक्षांत कसें आलें नाहीं, असा प्रश्न श्रोत्यांस पडेल. त्याचें उत्तर विमानाच्या मार्गांत आहे. नियंत्रकांनीं तें धावपट्टीच्या रेषेवर नेहमीपेक्षां जवळून आणलें होतें. त्यामुळें उतरणीची रेडिओ-वाट त्याच्या खालीं राहिली, आणि ती गांठण्यास उंची व वेग दोन्ही झपाट्यानें कमी करणें भाग होतें. अशा वेळीं इंजिनें मंद असणें हेंच अपेक्षित. बिघाड योग्य वर्तनाचा वेष घेऊन आला होता. फलकावर त्याची खूण उमटली होती. चाकांविषयींचा इशाराही तत्पूर्वीं वेळीं-अवेळीं वाजला होता, पण तो निव्वळ त्रास म्हणून सोडून देण्यांत आला. निघण्यापूर्वींच उंचीमापक नादुरुस्त आढळल्यास त्याच्याशीं जोडलेलीं स्वयंचलित यंत्रें उतरतांना वापरूं नयेत, असा नियम लेखी होता. परंतु हवेंत असलेल्या वैमानिकांच्या हातीं असणाऱ्या पुस्तकांत तो नव्हता. हा दोष वैमानिकांच्या पदरीं घालणें न्याय्य नव्हे.

वाट गांठल्यावर मात्र वेग घसरूं लागला. स्वयंचालक उतार राखण्यासाठीं नाक वर उचलीत राहिला, आणि नाक जितकें वर जाई तितका वेग आणखी कमी होई. ठरविलेला वेग १४४ नॉट होता. तो ११० च्या आसपास उतरला. या वेळीं कक्षांत उतरण्यापूर्वींची तपासणी चालू होती. ती एक हजार फुटांच्या आंत संपलेली असावी, आणि दाट ढगांत त्या उंचीवर वेग, उतार व इंजिनांचा जोर स्थिर नसल्यास उतरणें सोडून पुन्हां वर जावें, असा कंपनीचा नियम होता. तो पाळला गेला नाहीं. आणि तीन माणसांपैकीं एकाची तरी नजर वेगाच्या कांट्यावर खिळलेली असावयास हवी होती, हें निर्विवाद.

४६० फुटांवर दांडा थरथरूं लागला. पंखांची उचल संपत आल्याचा तो इशारा. सहवैमानिकानें इंजिनांच्या दांड्या पुढें लोटल्या. तेवढ्यांत कप्तानानें सुकाणू आपल्याकडे घेतलें, आणि स्वयंचलित यंत्र अजून तोडलेलें नसल्यानें त्या दांड्या पुन्हां मागें आल्या. पूर्ण जोर दिला गेला तो इशाऱ्यानंतर नऊ सेकंदांनीं. तोंवर उंची उरली नव्हती. विमान धावपट्टीच्या सुमारें दीड किलोमीटर अलीकडे नांगरलेल्या शेतांत पडून त्याचे तीन तुकडे झाले. आग लागली नाहीं. नऊ जण दगावले. त्यांत तिन्ही वैमानिक होते.

चौकशींत असें दिसलें कीं त्याच विमानाच्या आधींच्या आठ उतरणींत हा दोष दोनदां आला होता, आणि दोन्ही वेळां वैमानिकांनीं यंत्र तोडून हातानें इंजिनें सांभाळून तें सुखरूप उतरविलें होतें. नेदरलँड्सच्या सुरक्षा मंडळानें २०१० सालच्या अहवालांत बोइंगला उंचीमापकें अधिक भरंवशाचीं करण्यास सांगितलें, आणि उचल संपत आलेलें विमान सांवरण्याचा सराव वैमानिकांच्या नियमित शिक्षणांत घालण्याचीही शिफारस केली.