मोटार घरची, जोखीम कोणाची?

एकत्र कुटुंबपद्धती मोडली, असे गेली कित्येक दशके सांगितले जात आहे. स्वयंपाकघरे वेगळी झाली, पत्ते वेगळे झाले, एकाच आडनावाची तीन घरे तीन गावांत नांदू लागली. तथापि पुष्कळ घरांतून एक गोष्ट अद्याप एकत्र राहिली आहे, आणि ती म्हणजे मोटार. साताऱ्याच्या निवृत्त शिक्षकाच्या नावाने घेतलेली गाडी एरवी पुण्यातील मुलाच्या दारात उभी असते, सुट्टीत ठाण्याच्या मुलीकडे जाते आणि गणपतीत साऱ्यांना घेऊन गावी परतते. पेट्रोल जो चालवील त्याने भरावे, कर्जाचा हप्ता मुलाने फेडावा, विम्याचे पैसे ज्याला आठवण होईल त्याने द्यावेत, असा हा आपुलकीचा कारभार असतो. त्यात गैर काहीच नाही. महागाईच्या दिवसांत तो शहाणपणाचाच म्हणावा लागेल. अडचण इतकीच, की ही आपुलकी नोंदणीच्या आणि विम्याच्या कागदावर कोठेही उमटत नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ ची दृष्टी या बाबतीत सरळ आहे. ज्याच्या नावाने गाडीची नोंदणी झाली, तो तिचा मालक. पैसे कोणी मोजले, किल्ली कोणाच्या खिशात असते, गाडी कोणाच्या आवारात उभी राहते, हे प्रश्न त्यापुढे सामान्यतः गौण ठरतात. घरच्यांच्या लेखी मालकी, ताबा आणि वापर या तिन्ही गोष्टी सर्वांच्या असतात. कायद्याच्या लेखी नाव एकाचे असते, आणि जोखीमही त्याच नावाला चिकटते.

यात दिलासा देणारी एक बाजू अवश्य आहे. आपल्याकडील मोटारीचा विमा मुख्यतः वाहनाचा असतो. वैध परवाना असलेल्या कोणीही मालकाच्या संमतीने गाडी चालविली, तरी विमा लागू राहतो. चालकाचे नाव विमापत्रात असावे लागत नाही, त्याचा पत्ता मालकाच्या पत्त्याहून निराळा असला तरी बिघडत नाही. ब्रिटनमध्ये असे नाही. तेथे चालकांची नावे सामान्यतः विमापत्रात नोंदवावी लागतात, गाडी रात्री कोठे उभी असते हे सांगावे लागते, आणि खरा मुख्य चालक तरुण मुलगा असताना हप्ता कमी बसावा म्हणून आईवडिलांना मुख्य चालक दाखविले, तर ती लबाडी समजली जाते. आपल्याकडील नियम अधिक सैल आहेत. पण या सैलपणामुळेच घरोघरी असा समज रूढ झाला आहे, की विमा भरला म्हणजे सारे भरून पावले.

हा समज पहिल्यांदा कोठे ठेचकाळतो, तर दायित्वाच्या प्रश्नावर. गाडीखाली एखादा पादचारी सापडला, तर भरपाईचा दावा चालकाबरोबर नोंदणीकृत मालकावरही येतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात गाडी अनेकदा विकली जाऊन भलत्याच्याच ताब्यात होती. नोंदणी मात्र पहिल्याच माणसाच्या नावे राहिली होती. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच ठेवली. विमा चालू असेल आणि त्याच्या अटी पाळलेल्या असतील, तर ही रक्कम विमा कंपनी देते. परंतु चालकाचा परवाना संपलेला असेल आणि मालकाने त्याची खातरजमा केलेली नसेल, तर कंपनी जखमीला पैसे देऊन पुढे ते मालकाकडून वसूल करू शकते. भाच्याने खासगी गाडी भाड्याने फिरविली, तरी विम्याची अट मोडते. भाचा अठरा वर्षांखालील असेल, तर प्रसंग याहून गंभीर होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यात पालकाला वा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. हे सारे भोगण्याची पाळी ज्याच्यावर येते, तो साताऱ्याचा पेन्शनर अपघाताच्या वेळी कदाचित देवळात कीर्तन ऐकत बसलेला असेल.

दुसरा प्रश्न याहूनही जिव्हाळ्याचा आहे. गाडी चालविणारा मुलगाच अपघातात गेला तर? सक्तीचा विमा असतो तो त्रयस्थासाठी, आणि मालकाच्या गाडीवर बसलेला घरचा चालक नेहमीच त्रयस्थ ठरत नाही. वडिलांची मोटारसायकल चालविताना मृत्यू पावलेल्या मुलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले, की कायद्याने सक्तीच्या विम्याखाली कंपनी ही भरपाई देण्यास बांधील नाही. २०२० च्या निकालात वाहन मागून नेणारा चालक मालकाच्याच जागी उभा राहतो, असे मानून त्या वाहनाच्या विमा कंपनीविरुद्धचा भरपाईचा दावा फेटाळला गेला. करारातील वैयक्तिक अपघात कलमाची १ लाख रुपयांची रक्कम तेवढी मिळाली.

हे वैयक्तिक अपघात कलम म्हणजे ‘मालक-चालका’चे संरक्षण. त्याची रक्कम आता १५ लाख रुपये आहे. परंतु ते नोंदणीकृत मालकासाठी असते आणि मालकाकडे वैध परवाना असेल तरच मिळते. आता आपल्याकडची रीत पाहावी. पहिली गाडी वडिलांच्या नावाने घ्यावी, हा मुलांना आदराचा विषय वाटतो. त्या वडिलांनी आयुष्यात सुकाणूचक्र हाती धरलेले नसते, परवाना काढलेला नसतो. अशा विमापत्रात हे कलम येऊच शकत नाही. म्हणजे ज्याचे नाव आहे तो गाडी चालवीत नाही, जो चालवितो त्याचे नाव नाही, आणि संरक्षण दोघांपैकी कोणालाच नाही. आदरापोटी केलेली नोंदणी सुनेला आणि नातवंडांना इतकी महाग पडू शकते.

मग गाडी मुलाच्या नावे का केली जात नाही? आळस हे एक कारण. विनादावा सवलतीचा मोह हे दुसरे. सलग काही वर्षे दावा न केल्यास गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात पन्नास टक्क्यांपर्यंत सूट मिळते. ही सूट गाडीची नसून विमाधारकाची असते. गाडी मुलाच्या नावे झाली, की मुलाला शून्यापासून आरंभ करावा लागतो. ती वाचविण्यासाठी नाव जुनेच ठेवले जाते. हजारांचा लाभ राखताना लाखांची जोखीम पत्करली जाते, याचा हिशेब मांडला जात नाही.

पत्त्यांची गोष्टही अशीच. मालकाने राहण्याचे ठिकाण बदलले, तर तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे, असे कायदा सांगतो. गाडी बंगळुरूच्या मुलाकडे जाऊन तेथे बारा महिन्यांहून अधिक काळ राहणार असेल, तर तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. विमा कंपनीकडे जुनाच पत्ता आणि जुनाच दूरध्वनी क्रमांक राहिला, तर नूतनीकरणाची सूचना भलतीकडे जाते. वडील समजतात मुलाने पैसे भरले, मुलगा समजतो बहिणीने भरले. आणि विम्याची मुदत संपलेली गाडी बिनघोर रस्त्यावर धावत असते. नव्वद दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर ज्या सवलतीसाठी इतका खटाटोप केला तीही जाते.

आणि मालकच निवर्तला तर? विमापत्र लगेच संपुष्टात येत नाही. मृत्यूपासून तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत ते चालू राहते. परिवहन कार्यालयास तीस दिवसांत मृत्यूची वर्दी देऊन वारसाला तीन महिने गाडी वापरता येते. तेवढ्या काळात ती आपल्या नावे करून घ्यावी लागते. २०२१ पासून नोंदणीपत्रात वारसाचे नामनिर्देशन करण्याची सोयही झाली आहे. तरीही दिवंगत वडिलांच्या नावाची गाडी वर्षानुवर्षे फिरविणारी कुटुंबे थोडी नाहीत.

उपाय अवघड नाहीत. जो गाडी बाळगतो आणि मुख्यतः चालवितो, त्याच्याच नावे ती असणे सर्वांत निर्वेध. ते शक्य नसेल, तर निव्वळ सक्तीच्या विम्यावर न थांबता सर्वंकष विमा घ्यावा. गाडीतून सारे कुटुंब प्रवास करीत असताना तर तो हवाच. घरातील प्रत्येक चालकासाठी नामनिर्देशित वैयक्तिक अपघात विम्याची जोड द्यावी आणि नूतनीकरणाची जबाबदारी एकाच माणसाकडे सोपवावी. मात्र सारा दोष कुटुंबांच्या माथी मारणे योग्य नव्हे. घरे पांगली तरी व्यवहार सामायिक राहिला, हे वास्तव विमा नियामकानेही ओळखले पाहिजे. मालक-चालकाचे संरक्षण मालकाच्या संमतीने गाडी चालविणाऱ्या आईवडील, पती-पत्नी आणि मुलांना का मिळू नये? हप्ता थोडा वाढला, तरी कुटुंबे तो आनंदाने भरतील.

तोवर कागदाला नाते कळत नाही, हे ध्यानात ठेवणे बरे. नात्याचा मान नावात राखायचा असेल, तर त्या नावावर येणारा भार कोण वाहणार, हेही घरातल्या सर्वांनी एकदा एकत्र बसून ठरविले पाहिजे.