सीफोर्थ हायलँडर्स

सीफोर्थ हायलँडर्स : ब्रिटिश भूसेनेतील स्कॉटिश पायदळाची एक प्रसिद्ध रेजिमेंट (१८८१–१९६१). स्कॉटलंडच्या उत्तरेकडील हायलँड या डोंगराळ प्रदेशातील मकेंझी कुळाच्या प्रमुखांनी उभारलेल्या ७२ व ७८ क्रमांकांच्या पलटणी १८८१ मध्ये एकत्र करून ती बनविण्यात आली.

जॅकोबाइट उठावानंतर १७४६ च्या कायद्याने हायलँडच्या पारंपरिक वेशास बंदी झाली. सैनिकांना मात्र तो वापरण्याची मुभा होती. परिणामतः १७८२ मध्ये बंदी उठेपर्यंत किल्ट (गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घेर) व टार्टन (कुळपरत्वे भिन्न चौकड्यांचे लोकरी कापड) हे मुख्यतः सैन्याच्या आश्रयाने टिकले. भरतीचा आधार कुळप्रमुखावरील निष्ठा हा असला, तरी ती निष्ठा विनाशर्त नव्हती. सीफोर्थचा अर्ल केनेथ मकेंझी याने १७७८ मध्ये पहिली पलटण (प्रारंभी क्र. ७८, १७८६ पासून ७२) उभारली. आपणास ईस्ट इंडिया कंपनीला विकले आहे, अशी वदंता पसरल्याने व वेतन थकल्याने तिच्यातील शेकडो सैनिक त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एडिंबरोच्या आर्थर्स सीट या टेकडीवर शस्त्रांनिशी जाऊन राहिले. माफी व थकबाकीचे आश्वासन मिळाल्यावरच ते खाली उतरले. तथापि १७८१ मध्ये पलटण हिंदुस्थानातच धाडण्यात आली. प्रवासात अर्ल मरण पावला आणि दोनशेहून अधिक सैनिक स्कर्व्ही रोगाने दगावले.

दुसरी पलटण (क्र. ७८) फ्रान्सिस हंबरस्टन मकेंझी याने १७९३ मध्ये उभारली. दुसऱ्या इंग्रज-मराठे युद्धात आर्थर वेलस्लीच्या आधिपत्याखाली तिने अहमदनगरच्या (विद्यमान अहिल्यानगर) पेठेच्या तटावर चढाई केली (८ ऑगस्ट १८०३) आणि असई (जि. जालना, २३ सप्टेंबर) व अडगाव (जि. अकोला, २९ नोव्हेंबर) येथील लढायांत भाग घेतला. असईला शिंदे-भोसले यांच्या सैन्याचा पराभव झाला. परंतु शिंद्यांच्या तोफांच्या प्रखर माऱ्यामुळे वेलस्लीचे दीड हजारांहून अधिक लोक मृत वा जखमी झाले. या लढाईबद्दल मिळालेले ‘असई’ या अक्षरांसहित हत्तीचे चिन्ह सीफोर्थ रेजिमेंटनेही पुढे धारण केले. १८५७ मध्ये ७८ वी पलटण हॅवलॉकच्या सैन्याबरोबर लखनौस गेली; ७२ वी १८८० मधील काबूल-कंदाहार कूचीत होती.

सांबराचे शिर व ‘राजाला साहाय्य करा’ या अर्थाचे गेलिक ब्रीद ही रेजिमेंटची मुख्य चिन्हे मकेंझी कुळाकडून आली. त्या कुळाच्या पूर्वजाने राजा तिसरा अलेक्झांडर याला सांबराच्या हल्ल्यातून वाचविले, अशी आख्यायिका आहे. वेशाची परंपरा मात्र अखंड नव्हती. १८०९ मध्ये भरती वाढावी म्हणून ७२ व्या पलटणीचा हायलँड वेश काढून घेण्यात आला. १८२३ मध्ये तो परत मिळाला, तो किल्टऐवजी टार्टनच्या विजारीसह. १८८१ नंतर मकेंझी टार्टनचा किल्ट दोन्ही पलटणींना समान झाला.

पहिल्या महायुद्धात रेजिमेंटची पहिली पलटण भारतीय मीरत डिव्हिजनबरोबर फ्रान्समध्ये लढली. जून १९४० मध्ये सँ व्हालेरी येथे एक्कावन्नाव्या हायलँड डिव्हिजनबरोबर तिच्या दोन पलटणींना शरणागती पतकरावी लागली. १९६१ मध्ये सीफोर्थ व कॅमेरन या हायलँड रेजिमेंटांचे एकत्रीकरण झाले. १९९४ व २००६ मधील पुनर्रचनांनंतर हा वारसा रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंडच्या चौथ्या पलटणीकडे आला. इन्व्हर्नेसजवळील फोर्ट जॉर्ज येथील संग्रहालयात रेजिमेंटची स्मृतिचिन्हे जतन केलेली आहेत.