पोलीस ठसे घेऊन गेले, पावडर राहिली!

सुट्टी संपवून रूमवर यावं आणि कुलूप तुटलेलं, लॅपटॉप गायब! मग पोलीस येतात, पंचनामा होतो, ठसेतज्ज्ञ ब्रश फिरवून जातात. ते गेल्यावर लक्षात येतं, कपाट, टेबल, खिडकी, सगळं काळंकुट्ट झालंय. हे पुसणार कोण? बहुतेक वेळा तुम्हीच.

पण थांबा. लगेच फडकं घेऊ नका. ‘आता साफ केलं तर चालेल ना?’ हे तपास अधिकाऱ्यांना आधी विचारा. एखादा ठसा घ्यायचा राहिला असेल, तर तुमच्या एका फटकाऱ्यात तो कायमचा जाईल.

दुसरी चूक म्हणजे ओलं फडकं. बोटाच्या ठशात घाम आणि तेलकटपणा असतो, त्याला ही बारीक पावडर चिकटते. म्हणूनच ठसा दिसतो. १८९७ साली कोलकात्यात ठशांचं केंद्र सुरू झालं, तेव्हापासून हे शास्त्र आपल्याकडे रुजलंय. पण ओलाव्याला चिकटण्याचा हाच गुण सफाईत नडतो. काळी पावडर म्हणजे बहुधा कार्बनची भुकटी. पाणी लागलं की तिची शाईच होते!

मग करायचं काय? पंखा बंद करा, मास्क आणि हातमोजे घाला, खाली जुने पेपर पसरा. व्हॅक्यूम क्लीनर मिळाला तर त्याचं तोंड जरा वर धरून पावडर ओढून घ्या, घासू नका. नसेल तर मऊ कोरड्या ब्रशनं अलगद पेपरवर पाडा. झाडू नको, पावडर घरभर उडेल. उरलेलं भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं टिपा. फडक्याची बाजू सारखी बदलत राहा.

कपडे, उशा बाहेर नेऊन झटका, मगच धुवा. चार्जर, स्विचबोर्ड कोरडेच पुसा. चुंबकीय पावडर वापरली असेल, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक वरून फिरवा. पावडर पिशवीला चिकटेल, मग पिशवी उलटी करून टाकून द्या. कच्चं लाकूड आणि भिंतीवरचे डाग मात्र हट्टी असतात. तिथे कदाचित रंगच काढावा लागेल.

आणि हो, हे काम एकट्यानं करू नका. आपल्या वस्तूंना कुणा अनोळखी माणसाचे हात लागले, हा विचार पावडरीपेक्षा चिवट असतो. रूममेटला हाक मारा, चहा टाका आणि दोघं मिळून पुसायला घ्या.