गोड्या पाण्यांतील मासेमारीस होडी बरी कीं डोणी ?

गेवराई तालुक्यांतील चकलांबा येथील एका शेतकरी बंधूनें गेल्या हिवाळ्यांत आम्हांस असें विचारलें कीं, शेतीस जोडधंदा म्हणून आम्ही दोघे भाऊ नाथसागरावर मासेमारी करूं इच्छितों. हातीं पैसा एकाच नावेपुरता आहे. तेव्हां फळ्यांची लहान होडी घ्यावी, कीं अरुंद व हलकी डोणी घ्यावी? प्रश्न दिसण्यांत लहान आहे. परंतु ज्या घरचा कापूस व तूर पावसाच्या लहरीवर अवलंबून, त्या घरानें चुकीची नाव घेतली तर वर्षाची शिल्लक बुडते, आणि प्रसंगीं मनुष्यही बुडतो. म्हणून केवळ पत्रानें उत्तर न देतां आम्हीं त्या बंधूंसह कांठावर जाऊन दोन्ही प्रकारच्या नावा वापरून पाहिल्या. जें अनुभवास आलें, तें सर्वच वाचकांच्या उपयोगीं पडावें म्हणून येथें देत आहों.

प्रथम पाण्याचा विचार

नाव निवडण्यापूर्वी पाणी ओळखावें. गेवराई तालुक्याची उत्तर सीमा गोदावरी होय. सन १७६३ च्या ऑगस्टमध्यें मराठे व निजाम यांची जेथें लढाई झाली, तें राक्षसभुवन याच तालुक्यांत नदीच्या कांठीं आहे. नदीच्या वरच्या अंगास पैठण येथें जायकवाडीचें धरण आहे. त्याची पायाभरणी सन १९६५ मध्यें झाली व सन १९७६ मध्यें त्याचें उद्घाटन झालें. त्याच्या जलाशयास नाथसागर म्हणतात. तो भरला म्हणजे लांबीस सुमारें ५५ किलोमीटर व रुंदीस जास्तींत जास्त २७ किलोमीटर होतो. याखेरीज बीड जिल्ह्यांत ठिकठिकाणीं पाझर तलाव आहेत, आणि अलीकडे शेततळींही पुष्कळ झालीं आहेत.

या तीन पाण्यांचा स्वभाव एक नाहीं. शेततळें ३० मीटर लांब व तितकेंच रुंद असलें, तर त्यास नावेची गरजच नाहीं. दोन्ही कांठांवरून ओढजाळें ओढलें म्हणजे काम होतें. उलट तळाशीं प्लॅस्टिकचा कागद अंथरला असल्यास नावेच्या एखाद्या खिळ्यानें तो फाटून पाणी जाण्याचें भय असतें. पाझर तलावांत पाणी उथळ, कांठास गवत व पाणकणीस, आणि वारा बेताचा. नाथसागराची गोष्ट निराळी. तेथें वाऱ्यास कोसच्या कोस मोकळें मैदान मिळतें. सकाळीं आरशासारखें दिसणारें पाणी दुपारीं वारा सुटतांच लाटा मारूं लागतें, आणि कांठ तर दूर राहिलेला असतो.

दोन्ही नावांचे गुणदोष

येथें होडी म्हणजे सपाट तळाची, सुमारें १४ फूट लांब व ५ फूट रुंद अशी नाव, आणि डोणी म्हणजे तितक्याच लांबीची पण अडीच फूट रुंदीची, दोन्ही टोकांस निमुळती नाव, असें आम्ही समजतों. पूर्वी डोणी एकाच खोडांतून कोरून काढीत. हा प्रकार फार प्राचीन होय. हॉलंडांत पेस्से या गांवाजवळ सन १९५५ मध्यें सांपडलेली कोरीव डोणी सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीची ठरली आहे. आतां डोणी बहुधा काचतंतूंची, म्हणजे ज्यास बाजारांत फायबर म्हणतात त्याची, असते.

डोणीचे गुण तीन. ती हलकी असल्यानें दोन माणसें खांद्यावर घेऊन जाऊं शकतात. ती अरुंद असल्यानें थोड्या श्रमांत पाणी कापते व एकाच वल्ह्यानें चालते. आणि गवतांतून ती गुपचूप सरकते, म्हणून मरळीसारखा मासा गळानें धरणारास ती सोयीची पडते.

होडीचा मुख्य गुण म्हणजे तिचा ठामपणा. रुंदी दुप्पट केली म्हणजे ठामपणा दुप्पट होतो, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. लांबी व घडण सारखी असतां, कलंडण्यास विरोध करण्याचें जें बळ नावेस तिच्या रुंदीमुळें येतें, तें रुंदीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतें. म्हणजे अडीच फुटांची डोणी व पांच फुटांची होडी यांत हें बळ दोनाचा घन, म्हणजे सुमारें आठपट होतें. तसेंच ओझ्याचें. वरील मापाची होडी एक इंच अधिक खचण्यास सुमारें ११५ किलो भार लागतो. डोणीस त्याच्या निम्मा पुरतो. दोन माणसें, भिजलेलीं जाळीं व ४० किलो मासळी एवढें डोणींत चढलें, म्हणजे पाण्यावर उरलेला तिचा कांठ किती राहील याचा हिशेब वाचकांनींच करावा.

आम्हांस आलेला अनुभव

आम्ही नाथसागराच्या कांठीं पोंचलों तेव्हां सकाळ शांत होती. प्रथम दोघे भाऊ डोणींत बसले. ती इतकी सुरेख चालली कीं, थोरल्या भावानें कांठाकडे पाहून हीच घ्यावयाची असें ओरडून सांगितलें. त्याच्या मनांत आणखी एक सोय होती : डोणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत घालून संध्याकाळीं चकलांब्यास घरीं नेतां आली असती. शेजारीं जाळें विणीत बसलेल्या एका वृद्ध भोयास आम्हीं विचारलें, "मामा, तुमचें काय मत ?" ते हंसून म्हणाले, "पाणी निजलंय तंवर दोन्ही बी चांगल्याच. वल्हवून काय कळतंय ? जाळं वढून बघा म्हणावं."

त्यांच्या सांगण्यावरून कांठाजवळ छातीभर पाण्यांत एक फांसजाळें टाकलें व कांहीं वेळानें तें ओढावयास सांगितलें. धाकटा भाऊ जाळें ओढण्यास एका बाजूस वांकला. जाळें तळाच्या काटक्यांत अडकलें होतें. तो अधिक वांकला. थोरला त्याच्या मदतीस त्याच बाजूस वळला, आणि क्षणांत डोणी दोघांसह उलटली. पाणी छातीभर होतें म्हणून दोघे हंसत उभे राहिले. परंतु धाकट्याचा पाय जाळ्यांत गुरफटला होता, व तो सोडविण्यास कांहीं क्षण लागले. हेंच दोन पुरुष पाण्यांत झालें असतें तर काय, हा विचार सर्वांच्याच मनांत आला व हंसणें थांबलें.

नंतर तेंच जाळें होडींतून ओढलें. दोघे एकाच बाजूस आले तेव्हां होडी कलली, पण चार बोटें कलून थांबली. दुपारीं वारा सुटला. होडी परत आणण्यास डोणीहून पुष्कळ अधिक श्रम पडले, हेंही येथें सांगितलें पाहिजे. रुंद नाव वारा व लाट दोन्ही अंगावर घेते. तरी ती कोरडी परत आली.

यावरून आमचें मत असें झालें कीं, मासेमारीच्या नावेची परीक्षा चालण्यांत नसून जाळें ओढण्यांत आहे. गळ टाकणारा मनुष्य मध्यावर बसून राहतो. जाळें ओढणारास कांठावर वांकावेंच लागतें.

ओहोटणारें पाणी व नावेची निगा

होडीच्या विरुद्ध एक मोठी तक्रार आहे व ती खरी आहे. नाथसागराचा कांठ फार सपाट. दोनशें मीटरांत एक मीटर असा उतार धरला, तर पाणी दोन मीटर उतरतांच कांठ चारशें मीटर मागें हटतो, व मध्यें गाळ उरतो. त्या गाळांतून जड होडी ओढणें म्हणजे बैलाचें काम. यास उपाय असा कीं, होडी कांठावर न ठेवतां पाण्यांतच नांगरून ठेवावी व पाणी उतरेल तशी दर आठवड्यास पुढें न्यावी. उन्हाळ्यांत लांकडी होडी बाहेर काढल्यास उघड्या उन्हांत टाकूं नये. फळ्या आकसून सांधे उघडतात. तिला सावलींत ठेवून वर ओलीं पोतीं घालावीं.

फायबरच्या नावेस ऊन फारसें बाधत नाहीं, पण तिचा एक दोष वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. लांकूड पाण्यानें भरलें तरी बहुधा तरंगतें; फायबर व पत्रा हे पाण्याहून जड असल्यानें, दोन्ही टोकांस हवाबंद पेट्या नसतील तर अशी नाव तळाशीं जाते. विकत घेण्यापूर्वी नाव कांठाजवळ पाण्यानें पूर्ण भरावी व दोघांनीं तिला धरून पाहावें. ती बुडाली तर घेऊं नये, मग किंमत कितीही कमी असो.

मध्यम मार्ग

ज्यांच्याजवळ डोणी आधींच आहे त्यांनीं ती टाकून द्यावी असें आम्ही म्हणत नाहीं. कोंकणांत अरुंद होडीस एका बाजूनें उलांडी, म्हणजे आडव्या दांड्यांवर बांधलेलें समांतर लांकूड, जोडतात. त्यानें ती सहजीं उलटत नाहीं. जाळें मात्र उलांडीच्या विरुद्ध बाजूनें ओढावें, नाहीं तर तें अडकतें. दोन शेजाऱ्यांच्या दोन डोण्या असतील तर मध्यें हातभर अंतर ठेवून आडव्या बांबूंनीं त्यांची सांगड घालावी. अशी जोडनाव एका होडीपेक्षांही ठाम होते.

मराठवाड्यांत नाव नसेल तेथें गुळाच्या काहिलींत किंवा थर्मोकोलच्या चप्पूवर बसून पाणी ओलांडणारीं माणसें आढळतात. मोठ्या जलाशयावर मासेमारीस असल्या साधनांचा आश्रय कोणीही करूं नये. तसेंच पोहतां येत असलें तरी तरंगतें जाकीट अंगांत असावें, जाळें कापण्यास चाकू कमरेस असावा, व वारा सुटण्याच्या वेळेपूर्वी परतण्याचा नेम असावा. नाथसागर हें सन १९८६ पासून पक्षी अभयारण्यही आहे. तेव्हां नाव घेण्याआधीं मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना व तेथील मच्छीमार संस्थेची संमति यांची चौकशी करून घ्यावी.

निष्कर्ष

एकट्यानें पाझर तलावावर गळ किंवा हलकें जाळें टाकावयाचें असेल, व नाव रोज घरीं न्यावयाची असेल, तर डोणी घ्यावी. दोघांनीं मोठ्या जलाशयावर फांसजाळीं लावावयाचीं असतील तर होडीच घ्यावी. आणि पाणी दोन्ही प्रकारचें असून पैसा एकाच नावेचा असेल, तर जें पाणी अधिक धोक्याचें त्यास योग्य अशी नाव निवडावी. कारण होडी लहान तलावांत गैरसोयीची होते एवढेंच, परंतु डोणी मोठ्या पाण्यांत घात करते.

चकलांब्याच्या बंधूंनीं अखेर होडी घेतली. ती घरीं नेतां येत नाहीं, म्हणून कांठच्या एका मच्छीमार कुटुंबाशीं त्यांनीं ठराव केला आहे : राखण त्यांची, व आठवड्यांतील दोन दिवस नावही त्यांची. थोरल्या भावास अजून डोणीची चाल आठवते, असें तो म्हणतो. पण धाकटा पाण्यावर जातो तेव्हां त्यांची आई आतां वाट पाहत दारांत बसत नाहीं, असेंही त्यानेंच आम्हांस सांगितलें. नाव घेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यानें किंमत, वजन व वेग यांच्या हिशेबांत ही बाब प्रथम मांडावी, अशी आमची सूचना आहे.