एकाच खाटेभोवती

डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट होऊ घातलेल्या मुलांना एकत्र शिकवावे, ही कल्पना आजची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1988 सालीच त्यावर अहवाल काढला, 2010 मध्ये पुन्हा एक आराखडा दिला. मधल्या काळात ब्रिटन-अमेरिकेत समित्या बसल्या, व्याख्या ठरल्या, त्या सुधारूनही झाल्या. कागदाला तोटा कधीच नव्हता. म्हणून मागे वळून पाहताना अहवाल बाजूला ठेवून दोन जागा आधी पाहाव्यात असे वाटते: स्वीडनमधला एक वॉर्ड आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले जामखेड.

स्वीडनच्या लिनशॉपिंग विद्यापीठात 1986 साली आरोग्यविज्ञानाची नवी विद्याशाखा सुरू झाली. सगळ्या अभ्यासक्रमांच्या मुलांना पहिले दहा आठवडे एकत्र बसवायचे, असे तिथे ठरले. छोटे गट करायचे, पुढ्यात एखादा प्रश्न ठेवायचा आणि त्यावर खल करायचा. ओळखी झाल्या, पण वर्गातली ओळख वॉर्डात कितपत उपयोगी पडते, ही शंका राहिलीच. तिचे उत्तर म्हणून 1996 मध्ये तिथल्या विद्यापीठ रुग्णालयात अस्थिरोग विभागाचा एक वॉर्ड विद्यार्थ्यांच्या हाती देण्यात आला. शेवटच्या टप्प्यातले वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपीचे विद्यार्थी दोन आठवडे मिळून तो चालवीत. अनुभवी मंडळी पाठीशी असत, पण शक्यतो मागे उभी राहून. अस्थिरोगच का, हे उघड आहे. खुब्याचे हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला सर्जन पुरत नाही. त्याला उठवायला, चालवायला, घरी जगता येईल असे करायला चौघे लागतात. आणि अशा वॉर्डांची खरी खुबी म्हणजे अंग पुसणे, चादर बदलणे, हात धरून संडासापर्यंत नेणे ही कामे सगळ्यांच्याच वाट्याला येत, भावी डॉक्टरांच्याही.

आता आपल्याकडचा वॉर्ड डोळ्यांसमोर आणा. सकाळचा राऊंड चालू आहे. पुढे युनिटप्रमुख, मागे रेसिडेंट, त्यांच्या खांद्यावरून डोकावणारी एमबीबीएसची मुले, ट्रॉलीपाशी केसपेपर धरून उभ्या सिस्टर. ऑपरेशन झालेल्या आजींचा एक्स-रे चांगला आहे, ‘उद्या सोडा’ म्हणून राऊंड पुढच्या खाटेकडे सरकतो. तासाभराने फिजिओथेरपीची विद्यार्थिनी येते. तिला आजी सांगतात की संडास अंगणापलीकडे आहे आणि मधे पायऱ्या आहेत. ती ते आपल्या वहीत लिहिते. आजींना उठताना गरगरते, हे रात्रपाळीच्या सिस्टरला कळलेले असते, ते सिस्टरांच्या रजिस्टरमध्ये असते. डिस्चार्ज कार्ड लिहिणारा इंटर्न यातले काहीच वाचत नाही. कामचुकार कोणीच नाही. जो तो आपल्याला शिकवले तेवढे नीट करतो, आणि आजी पुन्हा पडतात.

ही दरी केवढी महाग पडते, हे ब्रिटनमधल्या ब्रिस्टलच्या रुग्णालयातल्या बालहृदयशस्त्रक्रियांची चौकशी झाली तेव्हा जगाला कळले. भूलतज्ज्ञाने वर्षानुवर्षे शंका मांडली होती, पण ती ऐकून घ्यायची रीतच नव्हती. 2001 च्या त्या चौकशी अहवालाने वेगवेगळ्या शाखांच्या एकत्र शिक्षणाचा आग्रह धरला. पुढे 2008 मध्ये शस्त्रक्रियेची तपासणी-यादी आली. चाकू लावण्याआधी ओटीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे, ही तिच्यातली एक पायरी. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले. नुसते नाव सांगितल्याने माणसे वाचली, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. वेळेवर अँटिबायोटिक देणे आणि गॉज मोजणेही त्याच यादीत होते. पण ज्याने एकदा तोंड उघडले आहे, त्याला दुसऱ्यांदा ‘थांबा’ म्हणणे सोपे जाते, एवढे तरी मान्य करायला हरकत नाही.

एकत्र शिकवण्याचा पुरावा मात्र हट्टीपणे तोकडाच राहिला. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या समीक्षकांना 2000 साली निकषांत बसणारा एकही अभ्यास सापडला नाही. 2008 मध्ये सहा मिळाले, 2013 मध्ये पंधरा, आणि तरीही ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असेच त्यांनी लिहिले. मला याचे फार नवल वाटत नाही. शंभर मुलांना एका हॉलमध्ये बसवून ‘टीमवर्क’वर स्लाइड दाखवणे आणि आठवडाभर एका रुग्णाची मिळून जबाबदारी घेणे, या दोन्हींना एकच नाव दिले की मोजमाप कशाचे करायचे?

जामखेडला असले नाव कोणी दिले नव्हते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे 1970 साली काम सुरू केले. गावोगावी प्रशिक्षित नर्स राहतील, हा सुरुवातीचा बेत फसला. मग गावातल्याच बाया निवडल्या गेल्या. त्यांतल्या अनेक निरक्षर होत्या, कित्येक दलित. त्या दर आठवड्याला जामखेडला येत आणि डॉक्टर-नर्सांसोबत बसून आपापल्या गावाची हकिगत मांडत. शिकणे दोन्हीकडून होते. बाळंतपणातला धोका कसा ओळखायचा, हे बाया शिकल्या. गरोदर बाईला घरात पोटभर जेवू का देत नाहीत, हे डॉक्टरांना त्यांच्याकडून कळले. वेगवेगळ्या जातींच्या बायांनी शेजारी बसून जेवणे हाही त्या प्रशिक्षणाचा भागच होता, आणि तो सोपा नव्हता. 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, देशोदेशीचे लोक जामखेड पाहायला येऊ लागले. आपल्या वैद्यकीय कॉलेजांनीही सहली नेल्या. वेळापत्रकात मात्र काही बदलले नाही.

कॉलेजांना गावात न्यायचे प्रयत्न झाले, नाही असे नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. सत्तरच्या दशकातल्या, वैद्यकीय शिक्षणावरच्या श्रीवास्तव समितीनंतर कॉलेजांना फिरते दवाखाने मिळाले. त्यांतून गावात गेले ते प्रामुख्याने भावी डॉक्टरच.

मग 1998 मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आले. वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी सगळे एका छपराखाली. हातची संधी म्हणतात ती हीच. पण विद्यापीठ एक झाले ते परीक्षेपुरते. वर्ग आपापल्या इमारतींतच राहिले. 2019 पासून एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम लागू झाला. आरोग्यपथकाचा नेता आणि सदस्य होणे, हे त्यात भावी डॉक्टरचे एक काम म्हणून नोंदले आहे. पथकात काम कसे करावे, यावर एक स्वतंत्र घटकही आहे. तो शिकवताना वर्गात बसतात फक्त एमबीबीएसची मुले. पथकातले बाकीचे सगळे काल्पनिक.

कोविडने काही काळ हे उलटेपालटे केले. मे 2021 मध्ये केंद्राने शेवटच्या वर्षाच्या एमबीबीएस विद्यार्थ्यांना सौम्य रुग्णांच्या देखरेखीला आणि नर्सिंग पूर्ण केलेल्यांना पूर्णवेळ कोविड ड्युटीला लावायची मुभा दिली. गरज पडल्यावर सगळे जमते, हे दिसले. लाट ओसरली तशी ज्याची त्याची वही पुन्हा ज्याच्या त्याच्याकडे गेली.

दरम्यान कायदे झाले. डॉक्टरांच्या आयोगाचा 2019 मध्ये, संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांचा 2021 मध्ये, नर्सिंगचा आणि दंतवैद्यकाचा 2023 मध्ये. चार आयोग, अभ्यासक्रम ज्याचे त्याचे. डॉक्टरांच्या कायद्यात वर्षातून एकदा संयुक्त बैठक घ्यायची तरतूद आहे, पण ती होमिओपॅथी आणि भारतीय वैद्यकाच्या नियामक संस्थांसोबत. नर्सिंग तिथे नाही.

एवढे सगळे बदलेपर्यंत थांबायचे नसेल, तर मला लेबर रूम दिसते. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाची ड्रिल करायला फार खर्च लागत नाही. एमबीबीएस आणि नर्सिंगची मुले तिथे एकाच वेळी पोस्टिंगला असतातच, फक्त त्यांची लॉगबुके वेगळी. त्या लॉगबुकांत एक रकाना वाढवायचा: ड्रिलला सोबत कोण होते, त्याची सही. एमबीबीएसच्या लॉगबुकावर नर्सिंगच्या ट्यूटरची सही चालेल का, हा प्रश्न पहिल्याच मीटिंगमध्ये निघेल.