तरसालीहून बडोदं: एका दिवसाची विद्यार्थीफेरी

समजा, तुम्ही न्यू जर्सीत किंवा मेलबर्नला वाढलात. घरात मराठी बोलता आणि आता एका सत्रासाठी बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकायला आला आहात. आत्याचं घर तरसालीत, शहराच्या दक्षिण टोकाला. एक दिवस मोकळा मिळालाय. आत्या डब्यात थेपले भरते, पाण्याची बाटली हातात देते आणि सांगते, "जा, गाव बघून ये. पण जेवायला घरी ये." हा मजकूर त्या एका दिवसासाठी. बडोद्यात बघण्यासारखं पुष्कळ आहे. मी मात्र तुम्हाला एकाच वाटेने नेणार आहे: शिकायला आलेल्यांच्या, शिकायला दूर गेलेल्यांच्या आणि शिकवायला बोलावलेल्यांच्या.

सुरुवात दारातूनच होते. तरसालीची खूण सांगताना लोक आयटीआयचं नाव घेतात. हाताला कसब शिकवणाऱ्या शाळांची या शहराला जुनी सवय आहे. 1890 मध्ये इथे कलाभवन निघालं. रंगकाम, यंत्रकाम, चित्रकला असं सगळं एका छपराखाली. त्याच कलाभवनात त्र्यंबकेश्वरचा एक तरुण शिकून गेला, धुंडिराज गोविंद फाळके. भारतीय सिनेमाचे दादासाहेब!

तरसालीच्या शेजारी मकरपुरा. तिथला राजवाडा म्हणजे बडोद्याच्या राजांचं, गायकवाडांचं, उन्हाळ्यातलं घर. आज तिथे हवाई दलाचं प्रशिक्षण चालतं, म्हणून आत जाता येत नाही. राजवाड्याचीसुद्धा शेवटी शाळाच झाली, हे मला फार आवडतं.

रिक्षा उत्तरेकडे निघाली की प्रतापनगर लागतं. इथे नॅरोगेज रेल्वेचा वारसा जपून ठेवलाय. त्यामागची गंमत ऐका. 1862 मध्ये बडोदा संस्थानाने डभोई ते मियागाम अशी छोटी रेल्वे टाकली आणि सुरुवातीला त्या रुळांवर डबे ओढले बैलांनी. इंजिनं नंतर आली.

आता लक्ष्मीविलास पॅलेस. 1890 मध्ये तो पूर्ण झाला. कोल्हापूरचा न्यू पॅलेस पाहिला असेल, तर इथले मनोरे ओळखीचे वाटतील, कारण दोन्हींचा आराखडा मेजर चार्ल्स मांट यांचा. मांट मध्येच वारले आणि उरलेलं काम रॉबर्ट चिझम यांनी तडीस नेलं. तिकीट काढा, दरबार हॉलमध्ये मान वर करून उभे राहा. आवारातल्या महाराजा फतेसिंह म्युझियममध्ये राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, तिथे मात्र घाई करू नका. या म्युझियमची इमारत पूर्वी राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती, आणि मुलांना ये-जा करायला पॅलेसपासून खास छोटी आगगाडी होती.

या वाड्याच्या मालकाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. नाशिक जिल्ह्यातलं कवळाणे, तिथला गोपाळ नावाचा शेतकरीघरचा मुलगा. 1875 मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. मग अभ्यास सुरू झाला: मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी. तोच मुलगा म्हणजे सयाजीराव गायकवाड तिसरे. त्यांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि 1932 च्या कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. अक्षरओळख उशिरा झाली म्हणून खंत वाटणाऱ्या कुणालाही मी हीच दोन सालं शेजारी शेजारी लिहून दाखवते, 1875 आणि 1932.

त्यांच्या पहिल्या राणी चिमणाबाई तंजावरच्या मराठा राजघराण्यातल्या. लग्नानंतर त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आल्या आणि भरतनाट्यम गुजरातेत पोचलं. आज युनिव्हर्सिटीत नृत्य हा पदवीचा विषय आहे.

भूक लागली? जुन्या गावाकडे वळा आणि सेव-उसळ मागवा. वाटाण्याची उसळ, वर शेव, कांद्याची पात, बरोबर पाव आणि वेगळ्या वाटीत झणझणीत तरी. तरी हा शब्द इथेही तरीच आहे! मिसळीवर वाढलेल्या माणसाला पहिल्या घासालाच घरी आल्यासारखं वाटतं. परतताना आत्यासाठी लीलो चेवडो घ्या. लीलो म्हणजे हिरवा. बटाट्याचा कीस आणि चण्याची डाळ, आंबटगोड, मऊ.

जुन्या गावातच, मांडवीजवळ, सेंट्रल लायब्ररी आहे. सयाजीराव अमेरिकेत फिरले, तिथली सार्वजनिक ग्रंथालयं त्यांनी पाहिली आणि 1910 मध्ये विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालालाच बडोद्यात आणलं. पुस्तकांचे मजले पोलादी मांडणीचे आणि जमीन जाड काचेची, म्हणजे उजेड खालपर्यंत झिरपतो आणि आगीची भीती कमी. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरत्या ठेवल्या गेल्या. अमेरिकेतून त्या काळी इकडे आलेल्या या पाहुण्याची आठवण म्हणून एवढी वाकडी वाट कराच.

दांडिया बाजारात अरविंद घोष राहिलेलं घर आहे. सातव्या वर्षी इंग्लंडला गेलेले अरविंद 1893 मध्ये परतले ते थेट बडोद्याच्या नोकरीत. चौदा वर्षं परदेशात काढलेल्या या माणसाने मातृभाषा बंगाली नीट शिकली ती बडोद्यात, आणि मराठी-गुजरातीही इथेच. घरची भाषा उशिरा गवसलेल्या प्रत्येकाने त्या दारापाशी थोडं थांबावं.

उलट दिशेने गेलेलेही आहेत. गवई मौलाबक्षांचा नातू इनायत खान इथेच 1882 मध्ये जन्मला आणि 1910 मध्ये वीणा घेऊन अमेरिकेला निघाला. सूफी विचार त्याने पश्चिमेत नेला. त्याची मुलगी नूर दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनची गुप्त वायरलेस ऑपरेटर म्हणून फ्रान्समध्ये उतरली आणि 1944 मध्ये दाखाऊच्या छळछावणीत मारली गेली.

युनिव्हर्सिटीचा मोठा घुमट तुम्ही रोज पाहताच. तोही चिझम यांचाच, विजापूरच्या गोलघुमटावरून सुचलेला. बडोदा कॉलेज 1881 चं, विद्यापीठ 1949 चं. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात "सर्व पुरुष"ऐवजी "सर्व माणसं" हा शब्द यावा म्हणून संयुक्त राष्ट्रांत आग्रह धरणाऱ्या त्या याच.

दिवस कलू लागला की सयाजीबाग. जुने लोक कमाटीबाग म्हणतात. 1879 ची ही बाग विश्वामित्रीच्या काठावर आहे, आणि या नदीत, भर शहरात, मगरी राहतात. खऱ्या. पुलावरून बघा, खाली उतरू नका. बागेतल्या म्युझियममध्ये इजिप्तची ममी आहे आणि 1944 मध्ये महीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा 70 फुटांहून लांब सांगाडा.

आणि मग एका झाडाकडे चला.

1913 मध्ये सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन एक विद्यार्थी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायचा करार. त्याचं नाव भीमराव आंबेडकर. 1917 च्या सप्टेंबरमध्ये करार पाळायला तो बडोद्यात आला. अमेरिकेत, लंडनमध्ये राहायला खोली मिळाली होती. इथे कुणी देईना, कारण जात. शेवटी दिवसाला दीड रुपया भाडं देऊन तो एका पारशी धर्मशाळेत स्वतःची जात लपवून राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव जिना चढून वर आला आणि संध्याकाळपर्यंत चालता हो, असं बजावून गेला. ओळखीच्या दोघांकडे त्याने आसरा मागितला. दोघांनी अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्याने याच कमाटीबागेत काढले.

हे सगळं आंबेडकरांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं. त्या लेखनाचं नाव "वेटिंग फॉर अ व्हिसा". तुमच्या पासपोर्टवर जो शब्द शिक्का होऊन बसलाय, तोच. बागेतली ती झाडापाशीची जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. दरवर्षी 23 सप्टेंबरला तिथे दूरदूरहून माणसं येतात. एरवी गर्दी नसते. फोन खिशात ठेवा आणि थोडा वेळ नुसते बसा. मी बडोद्यात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला इथे आणते, आणि राजवाड्यापेक्षा इथे जास्त वेळ थांबवते.

बागेतून स्टेशन जवळ आहे, गाड्यांचे भोंगे ऐकू येतात. अंधार पडला की रिक्षावाल्याला तरसाली सांगा. आत्याचा फोन येऊन गेला असेल. तिने ताटं मांडली आहेत.