शासकीय व कायदेविषयक संदर्भ : नाव, क्रमांक आणि तारीख

संहितेतील एखादे वचन उद्धृत करताना आपल्यापैकी कोणीही केवळ ‘चरकाने म्हटले आहे’ एवढ्यावर थांबत नाही. स्थान, अध्याय आणि श्लोकक्रमांक दिल्याशिवाय जाणत्यांच्या सभेत ते वचन ग्राह्य धरले जात नाही. पाठभेद असल्यास तो नोंदवला जातो. घेतलेला अर्थ चक्रपाणीचा की स्वतःचा, हेही सांगितले जाते. ही शिस्त आपल्या शास्त्राची पूर्वापार मिळकत आहे. तोच लेखक औषधनिर्मितीचा परवाना, लेबल, जाहिरात किंवा व्यवसायाचा अधिकार या विषयांकडे वळला, की मात्र ‘शासनाच्या नियमानुसार’, ‘आयुष मंत्रालयाच्या आदेशान्वये’, ‘सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केल्याप्रमाणे’ अशी वाक्ये निःशंकपणे लिहू लागतो. नियम कोणता, आदेश कोणत्या दिवशीचा, निर्णय कोणत्या खटल्यातला, याचा उल्लेखच नसतो.

हा केवळ लेखनशैलीचा प्रश्न नाही. पदव्युत्तर प्रबंधातील असे वाक्य पुढच्या प्रबंधात जाते, तेथून नियतकालिकातील लेखात आणि तेथून एखाद्या औषधनिर्मात्याने कारणे दाखवा नोटिशीला दिलेल्या उत्तरात. प्रबंधाच्या परीक्षकाने जे खपवून घेतले ते परवाना प्राधिकारी किंवा न्यायालय खपवून घेत नाही. म्हणून शासकीय दस्तऐवज आणि कायदेविषयक साधने यांचा संदर्भ कसा द्यावा, याचा विचार आम्ही येथे आपल्याच क्षेत्रातील उदाहरणे घेऊन करीत आहोत.

दस्तऐवजाची जात

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या हाती असलेला कागद कोणत्या जातीचा आहे हे ओळखणे. संसदेने किंवा विधिमंडळाने केलेला तो अधिनियम. अधिनियमाने दिलेल्या अधिकारात शासनाने केलेले ते नियम. नियम करणे, बदलणे किंवा वगळणे हे राजपत्रातील अधिसूचनेने होते. परिपत्रक, पत्र आणि मार्गदर्शक सूचना हे प्रशासनाच्या कामकाजाचे कागद. त्यांचे बळ ज्या अधिनियमाच्या वा नियमाच्या आधाराने ते निघाले तेवढेच. राज्य शासनाचा शासन निर्णय हाही प्रशासकीय आदेश असतो. अधिनियमाशी किंवा नियमाशी त्याचा विरोध आल्यास तो टिकत नाही.

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० यात आयुर्वेदीय, सिद्ध व युनानी औषधांसाठीचे प्रकरण चार-अ हे १९६४ च्या सुधारणेने आले. त्यातील कलम ३३एन अन्वये केंद्र शासन नियम करते. त्यासाठी तांत्रिक सल्लागार मंडळाशी विचारविनिमय आणि मसुद्याची पूर्वप्रसिद्धी या पायऱ्या ठरवून दिलेल्या आहेत. त्यामुळे राजपत्रात एकाच विषयावर आधी मसुदा अधिसूचना आणि नंतर अंतिम अधिसूचना अशा दोन अधिसूचना दिसू शकतात. मसुदा हरकती व सूचना मागवण्यासाठी असतो. त्याला लागू नियम समजून उद्धृत करणे म्हणजे पाकसिद्धीपूर्वीच अवलेह उतरवून रुग्णास देणे होय.

नियम १७० चे उदाहरण

या भेदाचे महत्त्व जाहिरातविषयक नियम १७० च्या वाटचालीइतके स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसेल. २१ डिसेंबर २०१८ च्या अधिसूचनेने हा नियम १९४५ च्या नियमांत घालण्यात आला. रोगाचे निदान, उपचार वा प्रतिबंध यांसाठी आयुर्वेदीय, सिद्ध व युनानी औषधांची जाहिरात करण्यास त्याने मनाई केली आणि जाहिरातीपूर्वी परवाना प्राधिकाऱ्याकडून ओळखक्रमांक घेणे निर्मात्यांवर बंधनकारक केले. २९ ऑगस्ट २०२३ रोजी आयुष मंत्रालयाने राज्यांच्या परवाना प्राधिकाऱ्यांना पत्र पाठवून या नियमाखाली कारवाई करू नये असे कळवले. नियम वगळण्याची शिफारस तांत्रिक सल्लागार मंडळाने केली आहे, असा आधार त्या पत्रात होता. १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने नियम वगळण्यात आला. २७ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ही अधिसूचना आपल्या ७ मे २०२४ च्या आदेशाशी विसंगत असल्याचे नमूद करून तिला स्थगिती दिली. पुढे ११ ऑगस्ट २०२५ रोजी इंडियन मेडिकल असोसिएशनची मूळ याचिकाच निकाली निघाली आणि त्याबरोबर स्थगितीही संपुष्टात आली.

आता एखाद्या लेखकाने ‘नियम १७० रद्द झाला आहे’ एवढेच लिहिले, तर वाचकाने काय समजावे? सप्टेंबर २०२३ मध्ये हे वाक्य असत्य होते, कारण पत्राने नियम रद्द होत नाही. जुलै २०२४ मध्ये ते सत्य होते. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याला स्थगितीची जोड दिल्याशिवाय ते दिशाभूल करणारे होते. त्या त्या काळात प्रसिद्ध झालेल्या जाहिरातीची वैधता तपासताना हा कालक्रमच निर्णायक ठरतो. नियम वगळला गेला म्हणून जाहिरातीला सर्व मोकळीक मिळाली, असा अर्थही निघत नाही. औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ आपल्या जागी आहे. सारांश, शासकीय संदर्भात तारीख हा अलंकार नसून संदर्भाचा प्राण आहे.

कायद्याचाही प्रतिसंस्कार होतो

अग्निवेशतंत्राचा चरकाने प्रतिसंस्कार केला आणि अपूर्ण भागाची पूर्ती दृढबलाने केली, हे आपण जाणतो. अधिनियमाचेही तसेच असते. १९५४ चा जाहिरातविषयक अधिनियम मूळ स्वरूपात उद्धृत करणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की, हमदर्द दवाखाना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील कलम ३(ड) मधील काही शब्द आणि कलम ८ घटनाबाह्य ठरवले आणि १९६३ मध्ये संसदेने त्यात सुधारणा केली. सुधारित कलमात नियमाने नवे रोग समाविष्ट करण्यापूर्वी कोणाशी विचारविनिमय करावा हे सांगताना आयुर्वेद व युनानी पद्धतींच्या विशेष जाणकारांचाही उल्लेख आहे. आपल्या उपयोगाचा हा भाग जुन्या प्रतीत सापडणार नाही.

भारतीय वैद्यक केंद्रीय परिषद अधिनियम, १९७० अद्यापही अनेक प्रबंधांत चालू कायदा म्हणून दिला जातो. त्याची जागा राष्ट्रीय भारतीय वैद्यक पद्धती आयोग अधिनियम, २०२० ने ११ जून २०२१ पासून घेतली आहे. इतिहास म्हणून जुन्या अधिनियमाचा संदर्भ अवश्य द्यावा. मात्र ‘निरसित’ ही नोंद सोबत असावी.

दस्तऐवज काढणाऱ्या कार्यालयाचे नाव त्या दिवशी जे होते तेच लिहावे. १९९५ मध्ये स्थापन झालेला भारतीय चिकित्सा पद्धती व होमिओपॅथी विभाग २००३ मध्ये ‘आयुष’ विभाग झाला आणि स्वतंत्र मंत्रालय ९ नोव्हेंबर २०१४ रोजी अस्तित्वात आले. औषधनिर्मितीच्या उत्तम पद्धतींविषयीची अनुसूची टी २००० मध्ये आली आणि २००३ मध्ये तिचे सुधारित रूप प्रसिद्ध झाले. ती ‘आयुष मंत्रालयाने’ काढली असे लिहिणे कालविपर्यास ठरतो. १९४५ च्या नियमांचे नावही पूर्वी औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम असे होते. आता ते औषध नियम, १९४५ असे दिले जाते.

न्यायनिर्णयाचा आधार घेताना

निर्णयाची बातमी म्हणजे निर्णय नव्हे, आणि निर्णयाच्या आरंभी संपादकाने दिलेला सारांश हाही न्यायालयाचा शब्द नव्हे. डॉ. मुख्तियार चंद विरुद्ध पंजाब राज्य या ८ ऑक्टोबर १९९८ च्या निर्णयाचे उदाहरण घ्यावे. आयुर्वेदीय पदवीधरांच्या आधुनिक औषधे वापरण्याच्या अधिकाराविषयी तो वारंवार उद्धृत होतो आणि बहुधा अर्धाच उद्धृत होतो. नियम २(ईई)(तीन) आणि त्याखालील राज्यांच्या अधिसूचना न्यायालयाने वैध ठरवल्या, हा त्याचा एक भाग. ज्या राज्यात भारतीय वैद्यकाच्या नोंदणीचा कायदा व्यावसायिकास तसा अधिकार देतो, तेथेच या अधिसूचनांचा लाभ मिळेल, हा दुसरा भाग. म्हणून महाराष्ट्रातील लेखकाने या निर्णयासोबत महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ मधील तरतूद तिच्या सुधारणांसह दिली नाही, तर युक्तिवाद लंगडा राहतो. दुसऱ्या राज्यातील वैद्याने हाच परिच्छेद उचलल्यास तो त्याच्या उपयोगी पडेलच असे नाही.

निर्णयाचा दिनांक आणि तो छापलेल्या अहवालाचे वर्ष यांतही गल्लत होते. हमदर्द दवाखान्याचा निर्णय डिसेंबर १९५९ चा आहे. त्याचा प्रचलित संदर्भ एआयआर १९६० सर्वोच्च न्यायालय ५५४ असा आहे. दोन्ही बरोबर आहेत, परंतु दोन्ही सांगतात ते निरनिराळे. शिवाय आदेश अंतरिम की अंतिम, आणि त्यावर पुढे अपील झाले काय, हेही नोंदवावे.

संदर्भलेखनाचा नमुना

वैद्यकीय नियतकालिकांत प्रचलित असलेली व्हँकूवर पद्धती लेख व ग्रंथ यांच्यासाठी सोयीची आहे. कायद्याच्या साधनांना ‘लेखक’ नसल्याने तेथे थोडी वेगळी मांडणी लागते. अधिनियमासाठी नाव, वर्ष, अधिनियम क्रमांक आणि कलम द्यावे : ‘औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० (१९४० चा २३), कलम ३३ईई’. येथे एका अक्षराचीही हयगय चालत नाही. कलम ३३ई हे चुकीच्या लेबलाच्या औषधांविषयी, ३३ईई भेसळयुक्त औषधांविषयी आणि ३३ईईए बनावट औषधांविषयी आहे. एक ‘ई’ गळाला, तर आरोपच बदलतो.

अधिसूचनेसाठी खाते, क्रमांक, दिनांक आणि राजपत्राचा भाग द्यावा. परवाना देण्याच्या निकषांविषयीचा नियम १५८बी ज्या अधिसूचनेने आला तिचा संदर्भ असा होईल : ‘भारत सरकार, आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्रालय (आयुष विभाग), अधिसूचना जीएसआर ६६३ (ई), १० ऑगस्ट २०१०, भारताचे राजपत्र, असाधारण, भाग २, विभाग ३, उपविभाग (एक)’. शासन निर्णयासाठी विभागाचे नाव, क्रमांक, दिनांक आणि संगणक संकेतांक हे चारही द्यावेत. न्यायनिर्णयासाठी पक्षकारांची नावे, अहवालाचा संदर्भ आणि परिच्छेद द्यावा : ‘डॉ. मुख्तियार चंद विरुद्ध पंजाब राज्य, (१९९८) ७ एससीसी ५७९’, आणि त्यापुढे आधार घेतलेल्या परिच्छेदाचा क्रमांक. पृष्ठक्रमांक निरनिराळ्या अहवालांत बदलतात. परिच्छेद शोधणे सोपे जाते.

औषधयोगाचा आधार देतानाही हीच दक्षता हवी. अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत प्रमाणभूत ग्रंथांची यादी आहे. शास्त्रोक्त औषध म्हणून परवाना मागताना योग त्या यादीतील ग्रंथात असावा लागतो. म्हणून ‘भैषज्यरत्नावलीनुसार’ एवढे न लिहिता अधिकार आणि श्लोक द्यावा. ‘आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडिया’चा आधार असेल तर भाग व आवृत्तीही सांगावी, कारण पहिल्या भागाची १९७८ ची आवृत्ती आणि २००३ ची दुसरी आवृत्ती या दोन निरनिराळ्या प्रती आहेत.

मूळ प्रत आणि भाषा

१ ऑक्टोबर २०१५ पासून भारताचे राजपत्र कागदावर छापणे बंद झाले असून ते केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघते. त्यामुळे मूळ अधिसूचना मिळवणे पूर्वीपेक्षा सुलभ झाले आहे आणि एखाद्या मार्गदर्शिकेतून किंवा जुन्या लेखातून संदर्भ उचलण्याला सबब उरलेली नाही. मूळ पाहिलेच नसेल, तर ज्या ग्रंथातून उद्धरण घेतले त्याचा उल्लेख प्रामाणिकपणे करावा. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ अन्वये केंद्रीय अधिनियमांचा इंग्रजी पाठ प्रमाण मानला जातो. मराठी लेखात तरतुदीचा अनुवाद देताना तो अधिकृत की लेखकाचा, हे स्पष्ट करावे.

औषधनिर्मात्यांना आमची विनंती आहे की, परवाना, लेबल आणि जाहिरात यांच्याशी संबंधित प्रत्येक अधिसूचनेची प्रत दिनांकवार एका नस्तीत ठेवावी आणि पुढील सुधारणेची नोंद त्याच प्रतीच्या समासात करावी. प्रबंधलेखकांनी आपण कायदा कोणत्या दिनांकापर्यंत तपासला ते प्रस्तावनेत लिहावे. आप्तवचन प्रमाण आहे, परंतु आप्त कोण आणि वचन कोणते हे सिद्ध झाल्यावरच. संहितेच्या बाबतीत आपण हे कटाक्षाने पाळतो. राजपत्राच्या बाबतीतही तोच कटाक्ष ठेवला, तर आपले लेखन परीक्षकापुढे आणि प्राधिकाऱ्यापुढे सारखेच टिकेल.